सोलापूरची फेरी कधी टाळावी, कधी टाळू नये? मैंदर्गी परिसरातल्या कुटुंबांसाठी ई-संजीवनीची सविस्तर माहिती

मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकच्या हद्दीजवळचं गाव. गावाला नगरपरिषद आहे, बाजार आहे, शाळा आहेत. घरात दखनी, बाजारात कन्नड आणि कचेरीत मराठी अशा तीन भाषा इथली मंडळी सहज बोलतात. ताप-खोकल्यासाठी डॉक्टर जवळपास मिळतो. पण हृदयाचा, त्वचेचा, मानसिक आजारांचा किंवा स्त्रीरोगांचा तज्ज्ञ गाठायचा म्हटलं की आधी अक्कलकोट आणि तिथून पुढे सोलापूर. हे अंतर पन्नास किलोमीटरहून जास्त आहे. केस पेपर, रांग, तपासणी आणि रिपोर्ट हे सगळं उरकून माणूस घरी परततो तेव्हा मगरिबची नमाजही होऊन गेलेली असते.

हा खर्च फक्त तिकिटाचा नसतो. रोजंदारीवर जाणाऱ्याचा खाडा होतो आणि सोबत येणाऱ्याचाही होतो. मुलं कुणाकडे ठेवायची हा प्रश्न वेगळाच. म्हणून मग दुखणं अंगावर काढलं जातं. यात घरातल्या बायकांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. मुलाचा ताप, नवऱ्याची पाठ आणि सासऱ्यांची शुगर यांच्या नंतर अम्मीच्या चक्करकडे लक्ष जातं. तोवर बीपी किंवा रक्तक्षय बराच पुढे गेलेला असतो.

अशा वेळी केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ ही मोफत टेलिमेडिसिन सेवा उपयोगी पडते. ती आहे हे अनेकांनी ऐकलेलं असतं, पण वापरायची कशी आणि कोणत्या आजारासाठी वापरायची नाही, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून ही सगळी माहिती एकत्र देत आहोत. मोबाईलमधला डॉक्टर सोलापूरचा दवाखाना बंद करायला आलेला नाही. कुठली फेरी विनाकारण आहे आणि कुठली फेरी आजच करायला हवी, हे वेळेत कळावं हा त्याचा खरा उपयोग आहे.

टेलिमेडिसिन आलं कुठून?

डॉक्टर एका ठिकाणी, रुग्ण दुसऱ्या ठिकाणी आणि मध्ये फोन, व्हिडिओ कॉल किंवा संगणक, याला टेलिमेडिसिन म्हणतात. भारतात हा प्रकार स्मार्टफोनच्या आधीपासून आहे. २००० साली आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात अरगोंडा या खेड्यात अपोलो रुग्णालयाने टेलिमेडिसिन केंद्र सुरू केलं. त्याचं उद्घाटन अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी केलं होतं. पुढच्याच वर्षापासून इस्रोने उपग्रहाच्या मदतीने दूरवरची रुग्णालयं शहरातल्या मोठ्या रुग्णालयांना जोडायला सुरुवात केली. महाराष्ट्रातही जिल्ह्यांची रुग्णालयं मुंबईच्या के.ई.एम.सारख्या रुग्णालयांशी जोडण्याचा प्रकल्प झाला.

त्या व्यवस्थेची एक अडचण होती. यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी असायचं, त्यामुळे खेड्यातल्या माणसाला तिथपर्यंत जावंच लागायचं. हे चित्र बदललं ते २०१९ आणि २०२० मध्ये. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने ई-संजीवनी तयार केली. नोव्हेंबर २०१९ मध्ये आरोग्य केंद्रांसाठीचा तिचा भाग सुरू झाला. लॉकडाऊन लागल्यावर, १३ एप्रिल २०२० रोजी, घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्याची ‘ई-संजीवनी ओपीडी’ सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेचा लाभ घेतलेल्यांचा आकडा १० कोटींवर पोहोचला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या माहितीनुसार त्यात ५७ टक्क्यांहून जास्त महिला होत्या आणि सुमारे १२ टक्के ज्येष्ठ नागरिक. ज्यांना घराबाहेर पडणं सगळ्यात अवघड, त्यांनीच ही सेवा जास्त वापरली, असं हे आकडे सांगतात.

या सेवेची दोन दारं

पहिलं दार घरातलं. आपल्या मोबाईलवरून आपण थेट डॉक्टरांशी बोलतो.

दुसरं दार आरोग्य केंद्रातलं. जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी आपली तपासणी करतात, माहिती संगणकात भरतात आणि वरच्या केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा तज्ज्ञांना व्हिडिओवर जोडून देतात. या केंद्रांना पूर्वी ‘आरोग्यवर्धिनी केंद्र’ म्हणत. आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असं नाव आहे. नाव काहीही असलं तरी केंद्र सरकारी आहे आणि सगळ्यांसाठी आहे.

मैंदर्गीत नगरपरिषद असल्यामुळे काहींना वाटतं की ग्रामीण आरोग्याच्या योजना आपल्याला लागू नाहीत. तसं नाही. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान ५० हजारांहून जास्त लोकवस्तीच्या शहरांसाठी आहे. त्याहून लहान शहरं ग्रामीण आरोग्य अभियानाखालीच येतात. म्हणून मैंदर्गी असो की शेजारची दुधनी, आरोग्य केंद्र, आशा ताई आणि ई-संजीवनी यांवर इथल्या माणसाचा नागणसूर किंवा वागदरीच्या माणसाइतकाच हक्क आहे.

घरून कॉल कसा करायचा?

मोबाईलवर ‘ई-संजीवनी’ हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं ॲप घ्या. मोबाईल नंबर टाकला की ओटीपी येतो. तो टाकून रुग्णाचं नाव, वय आणि पत्ता भरा. राज्य निवडताना महाराष्ट्र निवडा. आपल्या भागात कर्नाटकचं सिम वापरणारे बरेच आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. आभा क्रमांक, म्हणजे आरोग्य खात्याचा चौदा आकडी नंबर असेल तर तो जोडता येतो.

त्यानंतर हवी ती ओपीडी निवडायची. ओपीडीच्या वेळा ॲपवर दिसतात आणि तज्ज्ञांच्या वेळा वेगवेगळ्या असतात. टोकन मिळालं की रांगेत थांबायचं, नंबर आला की व्हिडिओ सुरू होतो. बोलणं संपल्यावर डॉक्टर चिठ्ठी पाठवतात. ही ई-चिठ्ठी डाउनलोड करून ठेवा. ती औषधाच्या दुकानात चालते.

कॉलच्या आधी पाच मिनिटं तयारी केली तर कॉलचा फायदा दुप्पट होतो:

• त्रास कधीपासून आहे, कशाने वाढतो, कशाने कमी होतो हे एका कागदावर लिहा.
• सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं समोर ठेवा. युनानी माजून, काढा किंवा चूर्ण चालू असेल तर तेही सांगा, लपवू नका.
• जुने रिपोर्ट आणि जुनी चिठ्ठी हाताशी ठेवा.
• कुठल्या औषधाची रिअॅक्शन आली असेल तर ते पहिल्या मिनिटातच सांगा.
• चेहऱ्यावर उजेड पडेल असं बसा आणि घरातला टीव्ही बंद करा.
• दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगा.

भाषेचीही काळजी घ्या. दादी-नानी दखनीत किंवा कन्नडमध्ये त्रास सांगतात आणि समोरचे डॉक्टर राज्याच्या दुसऱ्या टोकाचे असू शकतात. ‘जी घबरारा’ म्हणजे छातीत धडधड, श्वास लागणं, मळमळ की नुसती भीती, हे डॉक्टरांना कळायला हवं. सोबत बसलेल्याने अर्थ लावून सांगू नये. आधी रुग्णाला बोलू द्यावं, मग तिचेच शब्द मराठीत सांगावेत.

केंद्रातून केलेला कॉल जास्त कामाचा का?

घरचा कॉल सोयीचा असतो, पण त्यात डॉक्टर फक्त बघू आणि ऐकू शकतात. नाडी, बीपी, शुगर, हिमोग्लोबिन यातलं काहीही त्यांच्या हाती नसतं. केंद्रात हे आकडे तिथल्या तिथे मिळतात. सरकारच्या निकषांप्रमाणे उपकेंद्राच्या पातळीवर १४ प्रकारच्या तपासण्या आणि १०५ औषधं असायला हवीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३ तपासण्या आणि १७२ औषधं हवीत. एखादं औषध नाही असं उत्तर मिळालं तर ‘कधी येईल?’ असं नम्रपणे, पण नक्की विचारा. तो आपला हक्क आहे.

शिवाय समोर बसलेला आरोग्य कर्मचारी आपल्या भागातला असतो. डॉक्टर काय म्हणाले ते तो पुन्हा सांगतो, गोळी देतो आणि पुढच्या वेळी भेटल्यावर ‘घेताय ना?’ असं विचारतो. टेलिमेडिसिन चालतं ते या माणसामुळे. पडद्यावरचा तज्ज्ञ दर वेळी बदलू शकतो, पण समुदाय आरोग्य अधिकारी, नर्स आणि आशा ताई त्याच राहतात.

बीपी आणि शुगर यांच्या बाबतीत हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. हे आजार दुखत नाहीत, म्हणून गोळ्या सुटतात. वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी, मधुमेह, तसंच तोंडाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी केंद्रात मोफत करण्याचा कार्यक्रम आहे. महिलांसाठी स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणीही त्यात येते. तंबाखू, गुटखा, मिशरी, विडी यांची सवय असलेल्यांनी तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम किंवा कमी उघडणारं तोंड याकडे दुर्लक्ष करू नये. केंद्रातून तज्ज्ञाला दाखवल्यावर पुढे जायचं की नाही ते ठरतं.

महिलांसाठी काही गोष्टी

परदा पाळणाऱ्या आपल्या बहिणींना व्हिडिओ कॉलचा संकोच वाटतो. हा संकोच साहजिक आहे, आणि त्यावर मार्गही आहेत. तपासणारी डॉक्टर महिला असावी, अशी विनंती करता येते. ती उपलब्ध असेलच असं नाही, पण विचारण्यात काही गैर नाही. केंद्रात महिला नर्स किंवा आशा ताई शेजारी बसू शकते. डॉक्टरांनी चेहरा किंवा त्वचेचा भाग दाखवायला सांगितला, तर तो का बघायचा आहे हे विचारता येतं.

डॉक्टरांनी टेलिमेडिसिन कसं करावं, याचे देशपातळीवरचे नियम २५ मार्च २०२० रोजी आले. रुग्णाच्या परवानगीशिवाय तिचे फोटो किंवा माहिती इतर कुठे वापरणं हे या नियमांप्रमाणे डॉक्टरांचं गैरवर्तन ठरतं. कॉल रुग्णाने स्वतः सुरू केला तर तिची संमती गृहीत धरली जाते. पण कॉल आरोग्य कर्मचाऱ्याने लावला असेल, तर रुग्णाची स्पष्ट संमती घ्यावी लागते.

आता एक गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी. फोन बहुतेक वेळा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो, ओटीपीही त्याच्याच नंबरवर येतो. त्यामुळे पाळी, अंगावरून जाणं, गर्भनिरोधक, मनाची उदासी असं काही बोलायचं असलं की बाई गप्प बसते. फोन लावून द्यावा आणि दहा मिनिटं बाहेर थांबावं. एवढ्यानेही पुष्कळ आजार वेळेत पकडले जातात.

गरोदरपणात मात्र व्हिडिओ कॉल हा प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही. वजन, बीपी, रक्त, लघवी, पोटाची तपासणी आणि सोनोग्राफी हे सगळं समोरच व्हायला हवं. मधल्या काळात पडणाऱ्या लहानसहान शंकांसाठी कॉल चांगला.

रमजान आणि शुगर

शुगर आणि रोजा यांचा विषय आपल्या घरांमध्ये दर वर्षी निघतो, आणि तो डॉक्टरांशी बोलायचा राहून जातो. काही जण गोळ्या आपल्या मनाने बंद करतात, काही जण सकाळची गोळी सेहरीला आणि रात्रीची इफ्तारला अशी सरळ अदलाबदल करतात. दोन्हींत धोका आहे.

मधुमेहतज्ज्ञ सांगतात की रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. म्हणजे रजबचा चाँद दिसला की हे काम हाती घ्यावं. टेलिमेडिसिनसाठी हा अगदी योग्य विषय आहे. केंद्रात शुगर आणि बीपी मोजून घ्यायचं, चालू औषधं दाखवायची आणि तीन प्रश्न विचारायचे: मी रोजे ठेवू शकतो का? औषधांच्या वेळा आणि मात्रा कशा बदलायच्या? दिवसा शुगर कधी मोजायची?

इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी रोजात शुगर एकदम खाली येण्याचा धोका जास्त असतो. मेटफॉर्मिनने तो तुलनेने कमी असतो. शुगर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, बरळणं अशी लक्षणं दिसली तर मगरिबची वाट बघत बसू नये. बोटातून थेंबभर रक्त काढून शुगर मोजल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. शंका असेल तर आपल्या मौलानांना जरूर विचारा, पण शुगर मोजणं टाळू नका. आजारी माणसाला शरीअतने सवलत दिलेली आहे.

मनाचा आजार आणि फोन

सगळ्या टेलिमेडिसिनमध्ये फोनवर सगळ्यात चांगली चालणारी मदत ही मानसिक आरोग्याची आहे. कारण तिथे बोलणं हाच तपासणीचा मोठा भाग असतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘टेली मानस’ सुरू केलं. नंबर आहे १४४१६. सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतही बोलता येतं. झोप न लागणं, सतत रडू येणं, परीक्षेची धास्ती, बाळंतपणानंतरची उदासी, कर्जाचं टेन्शन, व्यसन, या कशासाठीही फोन करता येतो. ‘लोक काय म्हणतील?’ या भीतीने आपण मानसोपचाराच्या दवाखान्याची पायरी चढत नाही. इथे कुणी बघत नाही. घरात कुणी जीव देण्याची भाषा करत असेल तर ती धमकी समजू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि लगेच हा नंबर लावा.

डॉक्टर फोनवर काय देऊ शकतात, काय नाही?

२०२० च्या त्या नियमांत औषधांचे गट केलेले आहेत. पॅरासिटामॉल, ओआरएस अशी साधी औषधं कुठल्याही प्रकारच्या सल्ल्यात देता येतात. काही औषधं पहिल्याच वेळी द्यायची असतील तर व्हिडिओ आवश्यक आहे, नुसता फोन चालत नाही. काही औषधं फक्त आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाला, त्याच आजारासाठी, पुढच्या सल्ल्यात देता येतात. नशेचा धोका असलेली, मादक पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधं टेलिमेडिसिनमधून मिळत नाहीत. म्हणून डॉक्टरांनी एखादी गोळी लिहून द्यायला नकार दिला तर रागावू नका, ते नियमानेच वागत आहेत. लहान मुलासाठी कॉल असेल तर सोबत घरातलं मोठं माणूस असणं आवश्यक आहे.

चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक असतो, तो बघून घ्या. यंत्राने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरने स्वतः रुग्णाला सल्ला देणं किंवा औषध लिहून देणं या नियमांना मान्य नाही. मोबाईलमधल्या चॅटबॉटला लक्षणं सांगून त्याने सुचवलेल्या गोळ्या मेडिकलमधून आणणं हे टेलिमेडिसिन नव्हे.

याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे, ती लक्षात ठेवा. रुग्ण प्रत्यक्ष यायला तयार असताना किंवा ‘मला समोर तपासा’ असं म्हणत असताना डॉक्टरांनी टेलिमेडिसिनचाच आग्रह धरणं हे गैरवर्तन आहे. फोन ही आपली सोय आहे. तो दवाखान्याचं दार बंद करण्याचा बहाणा होऊ शकत नाही.

महाराष्ट्राला हा धडा महागात शिकावा लागला आहे. २०१८ मध्ये रत्नागिरीतलं एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आलं होतं. सिझेरियन झालेल्या एका महिलेला पुन्हा त्रास झाला, डॉक्टर रुग्णालयात हजर नव्हते, औषध फोनवरून सांगितलं गेलं आणि त्या महिलेचा मृत्यू झाला. न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. त्या निकालानंतर देशभरातले डॉक्टर फोनवर सल्ला द्यायला कचरू लागले होते. २०२० च्या नियमांनी ती भीती कमी केली आणि हद्दही आखून दिली.

कधी कॉल करत बसू नये?

खालीलपैकी काहीही झालं तर ई-संजीवनीच्या रांगेत थांबू नका. थेट १०८ नंबर लावा किंवा मिळेल त्या गाडीने सर्वात जवळचं रुग्णालय गाठा:

• छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम
• तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं
• साप चावणं. विंचू चावल्यावर घाम, उलटी किंवा धाप लागणं
• गरोदर किंवा बाळंतिणीला रक्तस्राव, झटके, डोळ्यांपुढे अंधारी, तीव्र डोकेदुखी
• दोन महिन्यांच्या आतलं बाळ दूध ओढत नसेल, तापलेलं किंवा गार पडलेलं असेल
• श्वास लागणं, बेशुद्धी, फिट न थांबणं
• विषारी औषध पोटात जाणं, मोठा अपघात, मोठं भाजणं

साप चावल्यावर दोरी आवळून बांधणं, जखम कापणं, मंत्र किंवा झाडपाला यांत वेळ घालवू नये. दुवा जरूर करा, पण गाडीत बसून. सर्पदंशाची लस रुग्णालयातच मिळते.

हृदयविकारात दुरून मिळणारी मदत उपयोगी पडते, पण ती रुग्णालयात. ‘स्टेमी महाराष्ट्र’ या प्रकल्पात लहान रुग्णालयात काढलेला ईसीजी दूरच्या तज्ज्ञाकडून काही मिनिटांत वाचून घेतला जातो आणि पुढचे उपचार लगेच ठरतात. तिथेही रुग्ण आधी यंत्रापर्यंत पोहोचावा लागतो.

पुढे पाठवलं तर?

‘सोलापूरला दाखवा’ असं डॉक्टरांनी सांगितलं की काही जणांना वाटतं, कॉल वाया गेला. उलट, अशा वेळी कॉलने आपलं काम चोख केलेलं असतं. कुणाला दाखवायचं, किती घाईने दाखवायचं आणि कुठले रिपोर्ट सोबत न्यायचे, हे आता तुम्हाला ठाऊक आहे. ई-चिठ्ठीची प्रत, आधार आणि रेशन कार्ड सोबत घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो, भरती होण्याआधी त्याला भेटा. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय आहे. आपले लोक त्याला ‘सिव्हिल’ म्हणतात.

मोहल्ला काय करू शकतो?

यासाठी मोठा निधी लागत नाही. जुम्याच्या नमाजनंतर केंद्राच्या ओपीडीच्या वेळा सांगता येतात. मशिदीच्या बाहेरच्या फलकावर १०८ आणि १४४१६ लिहून ठेवता येतात. कॉलेजला जाणाऱ्या मुली शेजारच्या खाला-फुफींना ॲप लावून द्यायला शिकवू शकतात. फक्त त्यांची दुखणी गल्लीत सांगायची नाहीत, एवढं पथ्य पाळावं. बचत गटाच्या बैठकीत आशा ताईंना बोलावून बीपी आणि शुगर मोजून घेता येते.

फसवणुकीपासूनही सावध राहा. ई-संजीवनी मोफत आहे. तिच्यासाठी पैसे भरा, क्यूआर कोड स्कॅन करा, बँकेची माहिती द्या असं कुणी सांगत असेल तर तो भामटा आहे. ॲपचा ओटीपी तुम्ही स्वतः लॉगिन करतानाच टाकायचा असतो, फोनवर कुणालाही सांगायचा नसतो.

कॉल संपल्यावर तीन गोष्टी तपासा. औषध हातात आलं का? सांगितलेली तपासणी कुठे आणि कधी करायची ते कळलं का? पुन्हा कधी दाखवायचं ती तारीख ठरली का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर इलाज सुरू झाला असं समजा. एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल, तर फोन ठेवून गप्प बसू नका. आशा ताईंना गाठा, केंद्रात जा आणि राहिलेलं काम पूर्ण करून घ्या. शिफा देणारा अल्लाह आहे, पण वेळेवर दाखवायला जाणं हे आपलं काम आहे.